राउटरनं घातलेला घोळ

कोल्हापुरात महाद्वार रोडवर मामांचं चपलांचं दुकान आहे. परवा फोन आला, "भाच्या, बँकेचं पान उघडलं की सर्टिफिकेटची लाल पाटी येतीया. पुढं जाऊ का?" म्हटलं, मामा, हातच लावू नका! समोरचं पान खरंच बँकेचं आहे याची खात्री पटत नाही, असा इशारा असतो तो.

गंमत म्हणजे मोबाइल डेटावर तेच पान नीट उघडत होतं, दुकानाच्या वायफायवर मात्र पाटी. म्हणजे गडबड कॉम्प्युटरात नव्हती. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलो. युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. (२०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं असल्याच आयत्या पासवर्डवर लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती.) डीएनएसच्या (साइटचं नाव दिलं की तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या) रकान्यात भलताच पत्ता, म्हणजे बँकेचं नाव टाकलं तरी दुसरीकडंच नेणारा, आणि बाहेरून राउटर चालवायची सोय सताड उघडी.

मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबली, रिसेट केलं. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) नवं घातलं, पासवर्ड लांबलचक ठेवला, डीएनएसला क्लाउडफ्लेअर कंपनीचं १.१.१.१ दिलं, बाहेरची सोय बंद. डब्ल्यूपीएसही (पासवर्डऐवजी बटण किंवा पिननं वायफायला जोडायची सोय) बंद केलं. त्याचा आठ आकडी पिन जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत फुटतो. गिऱ्हाइकांसाठी वायफाय वेगळं काढलं. बँकेचा पासवर्ड मामांनी माझ्यादेखत बदलला.

नवा पासवर्ड मात्र त्यांनी गल्ल्यावरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. ते पान फाडून आणलं.