गोष्टीतून शब्दांच्या जाती शिकवताय? या चुका टाळा

दरवर्षी जुलै उजाडला की माझ्यासमोर त्याच वह्या येतात. गोष्टीचं पान, त्यावर नामं लाल, क्रियापदं निळी, विशेषणं हिरवी. पानाची रंगपंचमी झालेली असते आणि गोष्टीत काय घडलं असं विचारलं, तर पोर खिडकीबाहेर बघतं.

पहिलं वाचन पेन्सिल हातात घेऊन करायचं, ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. मीही केली आहे. तिसरीचा वर्ग, भोपळ्यात बसणाऱ्या म्हातारीची गोष्ट. वाघ तिला खायला निघाला आणि मी वर्ग थांबवला. "वाघ म्हणजे काय? नाम! खाली रेघ मारा." कोल्हा आला, पुन्हा थांबवला. घंटा झाली तेव्हा म्हातारी जंगलातच होती. मागच्या बाकावरची एक मुलगी टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, ती लेकीकडे पोचली का?" नामं किती सापडली, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मलाही विचारायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला. पहिल्या दिवशी वह्या दप्तरात आणि फक्त गोष्ट, वाघाच्या डरकाळीसकट. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा, मग त्यातली चार-पाच वाक्यं फळ्यावर. दोन तास गोष्टीत गेले तर अभ्यासक्रम कधी संपवायचा, असं नवे शिक्षक विचारतात. अहो, म्हातारीचं 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन' मुलांना एव्हाना पाठ झालेलं असतं. दोन क्रियापदं, दोन नामं आणि लेकीला चिकटलेला 'कडे' आयताच हाती लागतो. भोपळा कसा चालला? टुणुक टुणुक. क्रियाविशेषण अव्ययाची व्याख्या मी त्यानंतर सांगते, कधी कधी सांगायची विसरतेही.

दुसरी चूक भिंतीवर टांगलेली असते. शब्दांच्या आठ जातींसाठी आठ खिशांचा तक्ता, प्रत्येक खिशात शब्दपट्ट्या. मी असा तक्ता रात्री जागून केला होता आणि 'वर' ही पट्टी 'शब्दयोगी'च्या, म्हणजे नामाला मागून चिकटणाऱ्या शब्दांच्या, खिशात घातली होती. चौथीत माकडाची गोष्ट चालू होती. 'माकडाने वर पाहिले' या वाक्यातला 'वर' कोणता, असं एकाने विचारलं. मी तक्त्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "पण बाई, हा कुणाला चिकटलाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात दुसरा उठला. त्याच्या ताईचं लग्न जवळ आलं होतं. "बाई, वर म्हणजे नवरदेव!" वर्ग खो खो हसला. मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली: माकड झाडावर चढलं. माकड वर चढलं. वर घोड्यावर चढला. शब्दाची जात वाक्यातल्या त्याच्या कामावरून ठरते, हे मला बी.एड.ला शिकवलं होतं. कळलं त्या दिवशी. तक्ता उतरवला, पट्ट्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाढे लिहिले.

सर्वनाम आणि विशेषण यांतही हेच. 'हा कुठे पळाला?' आणि 'हा ससा कुठे पळाला?' ही वाक्यं शेजारी-शेजारी लिहा आणि गप्प बसा. मुलं बोलतात.

'क्रिया दाखवतो तो क्रियापद' एवढ्यावर थांबू नका. 'विहीर खोल होती' या वाक्यात मुलांना क्रियापद सापडत नाही, आणि 'त्याचं रडणं थांबलं' यात ती हटकून 'रडणं' उचलतात. मी विचारते, कोणता शब्द झाकला तर वाक्य लटकतं? फळ्यावर तळहात ठेवून झाकायचं, बस्स.

आठही जाती एका आठवड्यात उरकू नका. तिसरीला नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद पुष्कळ झाले.

इंग्रजी तक्त्यांचं भाषांतर करून फोनवर फिरणारे सराव-कागद तर मी उघडतही नाही. इंग्रजीत 'इन', 'ऑन' नामाच्या आधी सुटे उभे असतात. आपला शब्दयोगी मागून येऊन चिकटतो आणि जाता जाता नामाचं रूपही बदलतो. 'सशामागे' हा अख्खा शब्द नाम म्हणून गोल करणारं मूल चुकत नाही, त्याला तो एकच दिसतो. पट्टी धरून 'सशा' आणि 'मागे' असे दोन तुकडे करा, आणि 'सशा' म्हणजे मूळचा 'ससा' हे तिथेच सांगा. नाहीतर एखादं हुशार पोर शब्दकोशात 'सशा' शोधत बसतं.

केवलप्रयोगी, म्हणजे भावनेच्या भरात तोंडून निघणारे शब्द, उद्गारचिन्हावरून ओळखायला शिकवू नका, 'पळा!' हेही त्यात जातं. अबब, अरेरे, शी, छे, अय्या हे शब्द गोष्टीतल्या प्रसंगात मुलांना मोठ्याने म्हणू द्या. फक्त शेजारच्या वर्गातल्या बाईंना आधी सांगून ठेवा.