जुन्या स्पोर्ट्स कारचे जोड: डेंटिंग करताना या चुका टाळा

वरुडच्या बाजूला आमच्या गावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे, ट्रॉल्या, नांगर, संत्र्याच्या बागेतल्या फवारणीच्या टाक्या हेच रोजचं काम. पण मामाची स्टँडर्ड हेराल्ड लहानपणापासून हाताखालून गेली, ती मद्रासला बनायची आणि मूळ डिझाइन ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीचं, म्हणून नागपूरच्या एका भाऊंनी त्यांची ट्रायम्फ स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्स कार माझ्याकडे आणून टाकली. १९६२ ला जी निघाली ना, ते पहिलं मॉडेल. हेराल्डचीच चासी आखूड करून त्यावर बनवलेली गाडी. तेव्हापासून पोट्टे विचारून राहिले की दादा यात एवढं काय अवघड आहे, पत्रा तर पत्राच असते. म्हणून लिहितो.

पहिली चूक म्हणजे दिसणारा जोड बुजवणे. ही गाडी माझ्याकडे यायच्या आधी शहरातल्या एका दुकानात गेली होती, तिथं बॉनेटवर मडगार्डच्या माथ्यावरून जाणारी जोडाची उठलेली रेघ पुट्टी भरून एकदम गुळगुळीत करून टाकली. दिसायला छान दिसलं असेल, पण ती रेघ कंपनीचीच आहे, १९७० च्या मार्क फोर या पुढच्या मॉडेलला काढली, त्याच्या आधीच्या गाडीवर ती पाहिजेच. आणि नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. स्पिटफायरचं अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढं उलटते, प्रत्येक उघडझाकीला पत्रा थोडा पिळते, म्हणून जोडावरची पुट्टी तडकते, तडीतून पाणी आत जाते आणि आतून गंज. पेंटवर सरळ केसासारखी रेघ आली की समजा खाली बुजवलेला जोड आहे, वरून परत पुट्टी मारू नका, खरडून काढा.

आता सगळेच जोड उघडे ठेवायचे असंही नाही. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपला मागच्या मडगार्डचा जोड कारखान्यातच शिसं भरून सपाट केलेला असते, पण त्याच गाडीच्या बॉनेटच्या जोडावर क्रोमची पट्टी असते, म्हणजे तो दाखवायचाच जोड आहे. म्हणून ग्राइंडर लावायच्या आधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा, सोबत स्केल ठेवून, आणि दोन्ही बाजूंचा काढा.

शिसं भरायचं असेल तर पत्र्याला आधी कल्हई लागते, भांड्याला करतात तशीच. शिसं ७० टक्के आणि कथील ३० टक्के असा धातू घेतला तर तो १८३ डिग्रीपासून साधारण २५५ डिग्रीपर्यंत लोण्यासारखा राहते, तेवढ्या वेळात मेण लावलेल्या लाकडी पट्टीनं तो दाबून बसवायचा. लय लोक इथंच फसतात, फ्लक्स, म्हणजे कल्हई धरावी म्हणून पत्र्याला लावतात ते रसायन, धूतच नाहीत. त्यातलं अॅसिड राहिलं की काही महिन्यांनी पेंटवर फोड येतात. खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, मग गरम पाण्यानं, मग पूर्ण वाळू द्या. आणि शिशावर ग्राइंडर किंवा मशीनचा सँडर चालवू नका, त्याची धूळ अंगात जाते, कानसच वापरा, मास्क लावून, आणि लेकरांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक सिलची, म्हणजे दाराखालचा पोकळ डबा. हेराल्डमध्ये चासीच बाजूनं आधार देते, त्यामुळं आपल्याला सवय झाली की सिल काढला तर काही बिघडत नाही. स्पिटफायरमध्ये तसं नाही, तिथं सिलच बॉडीचा जोर सांभाळते, आतला, मधला आणि बाहेरचा असे तीन पत्रे मिळून. शिवाय मागच्या चाकाला पुढं-मागं हलू न देणारे दांडे चासीला नाही तर सीटमागच्या बॉडीला जोडलेले असतात, त्यामुळं बॉडी वाकली की मागचं चाकसुद्धा जागेवर राहत नाही. दोन्ही सिल एकदम कापले की उघडी गाडी मधून बसते, दाराची फट वरून बारीक होते आणि खालून रुंद. अशी फट दिसली तर दार घासत बसू नका भाऊ, दार बरोबर आहे, बॉडी वाकली आहे. बॉडी चासीवर कसलेलीच ठेवा, गाडी चाकांवर उभी ठेवा, बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत एक इंची चौकोनी पाइप टाका, एका वेळी एकच बाजू कापा, आणि दार लावून फट मोजल्याशिवाय पक्कं वेल्डिंग करू नका.

वेल्डिंग पण ट्रॉलीसारखं सलग ओढू नका. कंपनीनं स्पॉट, म्हणजे ठिपक्यासारखे सुटे वेल्ड मारलेत, ते मोजून घ्या, तितकेच मारा. स्पॉट मशीन नसेल तर वरच्या पत्र्याला ६ एमएमचं भोक पाडून सीओटू गॅसच्या वेल्डिंगनं भरा, एक इथं एक तिथं, थंड होऊ देत.

आपल्याकडचं ऊन वेगळं. मे महिन्यात ४५ च्या वर जाते तेव्हा पुट्टी हातातच आवळते, काम सकाळी लवकर करा, पण पावसाळ्यात घाई म्हणून पुट्टीत हार्डनर, म्हणजे ती कडक करणारी पेस्ट, जास्त टाकू नका, रंगावर डाग उमटतात. नुसत्या प्रायमरवर गाडी पावसाळाभर ठेवली तर प्रायमर ओल ओढते, निदान ओल न ओढणारा इपॉक्सी प्रायमर मारून ठेवा. जोडात पाणी जाऊ नये म्हणून भरतात ते सीलर इपॉक्सीवरच लावा, सिलिकॉनचं कुठंच नाही, त्यावर रंग फाटते.

आणि सीलर मारताना सिलच्या खालची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. मी त्यात काडी घालून ठेवतो आणि सीलर वाळलं की काढतो, मग पाइपनं सिलच्या आत पाणी सोडून पाहतो, खालून धार आली पाहिजे.