“तंबाखू खाता का?” असं विचारू नका

डेंटलच्या इंटर्नशिपमध्ये तंबाखूमुक्ती केंद्राची पोस्टिंग लागली की सगळ्यांना वाटतं, सुटलो. स्केलिंग (दातांवरचं कीटण काढणं) नाही, दात काढणं नाही, नुसतं बोलायचं. मीही तसाच गेलो होतो.

पहिल्याच आठवड्यात एका भाऊंना विचारलं, “तंबाखू खाता का?” “नाही.” केसपेपरवर ‘नाही’ लिहून मोकळा झालो. सरांनी त्यांना तोंड उघडायला लावलं तर दोन बोटंही आत जाईनात. गाल आतून पांढरट, ताठ झालेले. सरांनी पुन्हा विचारल्यावर भाऊ म्हणाले, “खर्रा खातो ना जी, तंबाखू कोन खाते?”

ते खोटं बोलत नव्हते. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू, चुना सगळं असतं, पण आमच्या विदर्भात त्याचं नाव खर्रा. नगरकडे मावा म्हणतात. मशेरी लावणाऱ्या मावशीला तर ते दात घासणंच वाटतं, तिला “दिवसातून किती वेळा लावता?” असंच विचारावं लागतं. बायकांना विचारायचं राहून जातं, ते करू नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बायका १.४ टक्के होत्या आणि तंबाखू तोंडात धरणाऱ्या किंवा मशेरी लावणाऱ्या १६.६ टक्के.

दुसरा कामाचा प्रश्न: सकाळी उठल्यावर पहिला खर्रा कधी? “चहाच्याही आधी” असं उत्तर आलं की समजायचं, नुसत्या निश्चयावर हे सुटणार नाही. अशांना निकोटिनचा गम देतो. तो साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहिलं तर मळमळतं, उचकी लागते. हळू चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचा. गालात धरणं आपल्या पेशंटना शिकवावं लागत नाही! पण तोंडच उघडत नसेल तर चावायचं कसं, हे लिहून देण्याआधी बघा.

माझी मोठी चूक म्हणजे कॅन्सरचे फोटो. एका दादांना सगळा अल्बम दाखवला. ते मान डोलावत राहिले आणि पुन्हा फिरकले नाहीत. आता मी आरसा हातात देतो. जिथे पुडी धरतात तिथलाच पांढरा चट्टा त्यांचा त्यांना दिसतो, मग मला फार बोलावं लागत नाही.

आणखी एक. तंबाखू सोडून नुसती सुपारी धरली की पेशंट खूश असतो, “सुटली, डॉक्टर!” पण तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनेच, आणि आखडलेलं तोंड सवय सुटली म्हणून आपोआप मोकळं होत नाही. हे पहिल्याच भेटीत सांगा.

तंबाखू सोडवायच्या पाच पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, परीक्षेपुरता पाठ होतो. त्यातली शेवटची पायरी, पाठपुरावा, सगळेच टाळतात. ‘महिन्याने या’ असं लिहू नका. तलफ सगळ्यात छळते ती पहिल्या दोन-तीन दिवसांत, तेव्हा तिसऱ्या दिवशी फोन करा. आपल्याला जमणार नसेल तर १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय क्विटलाइन (तंबाखू सोडण्यासाठीची हेल्पलाइन) केसपेपरवर ठळक लिहून द्या.

त्या खर्रावाल्या भाऊंना मी तिसऱ्या दिवशी फोन केला. आधी बराच वेळ शेतातल्या पाण्याबद्दल बोलले. मग हळूच, “काल एक झाला जी.” आधी दिवसाला आठ होते. रजिस्टरमध्ये १ लिहिला आणि पुढच्या फोनसाठी सोमवार टाकला.