कोडिंग-डेची तयारी आदल्या रात्रीच उरका
ओपन सोर्सच्या (कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रोजेक्ट्सच्या) कोडिंग-डेला, म्हणजे एकत्र जमून कोड लिहायच्या दिवसाला जाताय? मग रेपो, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडचा साठा, आदल्या रात्री घरच्याच वायफायवर क्लोन करून (आपल्या लॅपटॉपवर उतरवून) ठेवा. हॉलमध्ये सगळे एकदम डाउनलोडला बसले की नेट रांगायला लागतं. माझी पहिली खेप एनपीएम इन्स्टॉलकडे (प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस उतरवणाऱ्या कमांडकडे) बघत चहा पिण्यातच गेली. नुसतं क्लोन पुरत नाही, प्रोजेक्टच्या टेस्टही (कोड नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) एकदा चालवून बघा. त्या आधीच फेल होत असतील तर दोष तुमच्या कोडचा नाही, एवढं तरी कळतं. तिथे पोचल्यावर ‘गुड फर्स्ट इश्यू’ लेबलचा एखादा इश्यू (नवख्यांसाठी ठेवलेलं काम) निवडा, ‘हा मी घेतोय’ अशी कमेंट टाका आणि मेनला (मुख्य कोडला) हात न लावता वेगळी ब्रँच (आपल्या बदलांसाठी कोडची वेगळी शाखा) काढा. संध्याकाळी काम अर्धवट राहिलं तरी ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट (‘माझे बदल घ्या’ अशी कच्ची विनंती) टाकूनच निघा, म्हणजे मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) पुढचं सुचवता येतं.