परसातल्या टोमॅटोंचा सॉस: आधी चूल, मग पुरणयंत्र

माघ संपत आला की परसातले टोमॅटो उच्छाद मांडतात. ऑक्टोबरात लावलेली रोपं, पण पिकायची वेळ आली की सगळी एकदमच पिकतात. कोशिंबीर होते, सार होतं, शेजारीपाजारी वाटून होतात. मग मी पिशवी घेऊन निघाले की पलीकडच्या वहिनी फाटकातूनच सांगतात, "अहो, परवाचेच आहेत अजून!" विकायचे म्हटलं तर त्या दिवसांत मंडईही टोमॅटोंनी लाल झालेली असते. हेच टोमॅटो पावसाळ्यात डोळे पांढरे करतात. २०२३ च्या जुलैत किलोला शंभरी ओलांडली होती ते आठवत असेल. म्हणून माझा हिशेब ठरलेला आहे. जास्तीच्या मालाचे तीन वाटे करायचे. दोन वाट्यांचा साधा गर आटवून फ्रीझरमध्ये टाकायचा आणि एकाच वाट्याचा सॉस करायचा. सॉस पोरं खातात, पण जुलैत घर चालवतो तो गर.

टोमॅटो झाडावरच पूर्ण लाल झालेले घ्या. हिरवे खांदे राहिलेले असतील तर परातीत पसरून दोन दिवस थांबा, रंग येतो. लांबट, मांसल, कमी बियांचे असतील तर उत्तमच. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची भाग्यश्री ही जात यासाठी चांगली, गर भरपूर आणि बी कमी. गोल, आंबट गावठी टोमॅटोंचाही सॉस होतो, चवीला तर तोच सरस, फक्त आटवायला गॅस जास्त जातो. तडकलेले चालतात, सडलेले नाहीत. "तेवढाच भाग कापून टाकू" हा काटकसरीपणा इथे नको. बुरशी लागलेलं फळ थेट खताच्या खड्ड्यात टाका.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक घरांत टोमॅटो कच्चेच मिक्सरमधून काढतात आणि मग तो रस आटवत बसतात. तो रस गुलाबी, फेसाळ दिसतो आणि कितीही आटवला तरी थाळीत घेतला की कडेने पाणी सोडतो. मग माझ्या जाऊबाईंसारखं कॉर्नफ्लोअर लावावं लागतं. असं का होतं? टोमॅटोत पेक्टिन असतं, त्यानेच सॉसला अंग येतं. पण फळ चिरलं किंवा वाटलं की त्यातलेच एन्झाइम ते पेक्टिन तोडायला लागतात. चांगली उकळी लागली की हे एन्झाइम निकामी होतात. तेव्हा चिरल्यापासून उकळीपर्यंतचा वेळ जितका कमी, तितका सॉस दाट. शिवाय मिक्सरमध्ये बिया भरडल्या गेल्या की कडवटपणा उतरतो तो वेगळाच.

मी असं करते. तीन किलो टोमॅटो धुऊन, देठाकडचा कडक भाग काढून तयार ठेवते. त्यातले पाव भागच आधी चिरते, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात टाकते, मॅशरने चेचते आणि मोठ्या आचेवर खळाखळा उकळवते. पाणी अजिबात घालायचं नाही, टोमॅटोत ते नव्वद टक्क्यांच्या वर असतंच. मग उरलेले एकेक चिरून थेट त्या उकळत्या रसातच टाकायचे, पण उकळी मोडू द्यायची नाही. सगळे पडले की दहा-पंधरा मिनिटांत सालं सुटून गुंडाळी होतात. पातेलं स्टीलचंच हवं. लोखंडी कढईत रंग काळवंडतो, ॲल्युमिनियमला आणि कल्हई नसलेल्या पितळेला आंबट लागतं.

यानंतर माळ्यावरचं पुरणयंत्र काढा. होळीला अजून वेळ असला तरी त्याला काम मिळू दे! सगळ्यात बारीक जाळी लावा आणि गरम असतानाच थोडं थोडं फिरवा. पहिल्या फेरीत नुसतं पाणी येतं, दाट गर सालांना चिकटून राहतो. म्हणून चोथा पुन्हा यंत्रात घालून दुसऱ्यांदा फिरवा. दुसऱ्या फेरीला जाळीच्या खालच्या बाजूला जाड लाल लेप जमतो. तो उलथन्याने खरवडून घ्यायला विसरू नका, खरा माल तोच. बिया निसटल्या तर सोजीच्या चाळणीतून एकदा गाळा. तीन किलोंचा साधारण दोन किलो रस निघतो.

साधा गर ठेवायचा असेल तर हा रस निम्मा होईपर्यंत आटवा. मीठसुद्धा घालू नका, म्हणजे पुढे कशातही चालतो. गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, गोठला की खडे पिशवीत भरा. रस्साभाजीला तीन-चार खडे पुरतात. हा गर बाटलीत भरून कपाटात मात्र ठेवायचा नाही. टोमॅटो आंबट लागला तरी त्याचा सामू (आंबटपणाचं माप, आकडा वाढला की आंबटपणा कमी) ४.६ च्या आसपास रेंगाळतो, आणि त्याच्या वर गेला की हवाबंद बाटलीत विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. गराची जागा फ्रीझरच.

सॉससाठी दोन किलो रसाला दीडशे ग्रॅम साखर, तीन चहाचे चमचे मीठ, दोन चमचे ब्याडगीचं तिखट आणि पाच मोठे चमचे पांढरं व्हिनेगर लागतं. पुरचुंडीत एक मोठा कांदा, बोटाच्या दोन पेरांएवढं आलं, आठ-दहा लसूण पाकळ्या, दालचिनीचे दोन तुकडे, दहा-बारा मिरी, एक मसाला वेलची, चमचाभर जिरं आणि सहा लवंगा. लवंगांची बोंडं मोडून टाका, नुसत्या काड्या घ्या. बोंडामुळे सॉस काळपट होतो. सगळं ठेचून मलमलीच्या फडक्यात सैल बांधा, आत रस खेळला पाहिजे.

रस पसरट पातेल्यात घ्या. लाकडी उलथनं बुडापर्यंत उभं बुडवा आणि रस जिथवर आला तिथे पेन्सिलीने खूण करा. बुडापासून त्या उंचीच्या एक तृतीयांशावर दुसरी खूण. इथवर आटवायचं आहे, अंदाजाचं काम नको. पुरचुंडी सोडा आणि साखर एक तृतीयांशच घाला. सुरुवातीला थोडी साखर पडली की रंग टिकतो, सगळी घातली तर तळाला लागते आणि रंग विटकरी होतो. निम्म्यापर्यंत मोठी आच चालते. पुढे आच मंद आणि हात सतत चालता. या टप्प्याला सॉस फटाफट उडतो आणि उडालेला थेंब चांगलाच पोळतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला आणि पातेल्यावर पिठाची चाळणी पालथी ठेवा, म्हणजे वाफ जाते आणि ओटा वाचतो.

दुसरी खूण दिसू लागली की पुरचुंडी उलथन्याने दाबून पिळून काढा. उरलेली साखर, मीठ, तिखट घाला. साखर विरघळून सॉस किंचित पातळ होतो, घाबरू नका, पाच-सात मिनिटांत आवळतो. आता थंड बशीवर एक थेंब टाकून बशी तिरकी करा. थेंबाभोवती पाण्याची कड दिसली नाही की झालं. व्हिनेगर सगळ्यात शेवटी, नाहीतर ते वाफेबरोबर उडून जातं. त्यानंतर दोन मिनिटं उकळा आणि बंद करा. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, म्हणून बाजारच्या सॉसपेक्षा जरा सैलच उतरवा. पाऊण ते एक किलो भरतो.

काचेच्या बाटल्या आणि झाकणं वीस मिनिटं उकळून कोरड्या करा. सॉस आणि बाटली दोन्ही गरम असतानाच भरा, गार बाटलीत गरम सॉस ओतला तर ती तडकते. वर दोन बोटं जागा सोडा. मी सोडियम बेंझोएट (सॉस टिकवायची पावडर) घालत नाही, म्हणून बाटल्या गार झाल्या की थेट फ्रिजमध्ये जातात आणि दोनेक महिन्यांत संपवते. लहान बाटल्याच भरा, कारण उघडलेली बाटली महिन्याभरात संपायला हवी.

उरलेला चोथा फेकू नका. माघाच्या उन्हात ताटावर पसरला की कडकडीत वाळतो, मिक्सरला फिरवून थालीपिठाच्या भाजणीत मिसळा. पुढच्या वर्षीचं बी मात्र या चोथ्यातून धरायचं नाही, ते उकळलेलं आहे. त्यासाठी चांगलं पिकलेलं एखादं फळ आधीच बाजूला काढा, तेही संकरित वाणाचं नको.

बाटलीवर तारखेची चिठ्ठी चिकटवा. झाकण फुगलं, उघडताना फस्सकन हवा आली किंवा वर पांढरा ठिपका दिसला, तर वरचं काढून खालचं वापरू नका आणि "बघू तरी" म्हणून जिभेलाही लावू नका. अख्खी बाटली टाकून द्या.