परमिट मिळालं म्हणजे लाइन मेली असं धरू नका

गोव्यातल्या फर्मागुढी, डिचोली, पेडणे इथल्या आयटीआयमधून बाहेर पडून जी मुलं आता लाइनच्या कामाला लागतील, त्यांच्यासाठी लिहितोय. बेल्ट, हेल्मेट, हातमोजे तुम्हाला शिकवलेलं असतंच. मला बोलायचंय ते बॅकफीडबद्दल, म्हणजे बंद केलेल्या लाइनवर ग्राहकाच्या बाजूनं उलटी येणाऱ्या विजेबद्दल, कारण त्यानं मला अजून सोडलेलं नाही.

पावसात सत्तरी तालुक्यात 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) लाइनवर माडाचं चूडत पडलं होतं. परमिट, म्हणजे बंद लाइनवर काम करायची लेखी परवानगी, हातात, लाइन तोडणारा खांबावरचा एबी स्विच उघडा, तिन्ही पाती सुटलेली डोळ्यांनी पाहिलेली. तरी तार जमिनीशी जोडणाऱ्या डिस्चार्ज रॉडचा हूक तारेला लागताच ठिणगी कडाडली. पुढे एका कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) चेंजओव्हर स्विच, म्हणजे जनरेटर लावताना लाइनशी जोड तोडणारा स्विच, न बसवता जनरेटर सुरू केलेला होता.

हे नीट समजून घ्या. 11 केव्हीचे 433 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. घरातले 230 व्होल्ट मीटरमधून मागे त्याच्या एलटी (कमी दाबाच्या) बाजूला पोचले की एचटीच्या (उच्च दाबाच्या) तारांत दहा हजारांच्या आसपास व्होल्ट उभे राहतात. सबस्टेशनातला ब्रेकर बंद असला तरी त्याचा इथे काही उपयोग नाही, वीज पलीकडून येते. इन्व्हर्टरची वायरिंग चुकली तरी हेच. म्हणून अर्थिंग, म्हणजे रॉडनं तार जमिनीशी जोडणं, कामाच्या दोन्ही बाजूंना हवं, आणि वाटेतल्या ट्रान्सफॉर्मरचे एलटी फ्यूज काढून खिशात.

आधी वीज आहे का ते दाखवणारा डिटेक्टर चालू लाइनवर तपासा, मग बंद लाइनवर धरा. रॉडची क्लॅम्प आधी जमिनीच्या अर्थला, हूक नंतर तारेला. काढताना उलट. हा क्रम चुकला तर रॉडची वायरच जिवंत होते, आणि ती तुमच्या हातात असते.

खालून साखळी फेकून लाइन शॉर्ट करणारे भेटतील, "आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो" म्हणतील. त्यांच्या हाताखाली राहू नका. माझ्या मते, रॉड लावल्याशिवाय खांबाला हात लावू न देणारा खडूस म्हातारा हेल्पर दहा सर्टिफिकेटांपेक्षा मोठा गुरू.

भीती वाटते? वाटू द्या, माझेही हात कापायचे. क्रम अंगवळणी पडला की हात थांबतात, खरंच थांबतात.

परमिट परत करण्याआधी माणसं मोजा. सगळे खाली आले, रॉड निघाले, मगच सही. घाई करणाऱ्या साहेबाला फोनवर थांबायला सांगा. नव्या मुलानंही सांगावं.