भागीदार कंपन्यांची अवॉर्ड तिकिटे : बेळगावच्या प्रवाशाने माइल्स कसे वापरावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील कितीतरी घरांतले एखादे मूल आज जर्मनीत, कॅनडात, अमेरिकेत किंवा आखातात आहे. लेकीच्या बाळंतपणाला किंवा मुलाच्या पदवीदानाला आईवडिलांनी जायचे ठरले की विमानाच्या तिकिटाचा खर्च हा घरातला मोठा विषय होतो. त्याच घरात क्रेडिट कार्डावर वर्षानुवर्षे साठलेले रिवॉर्ड पॉइंट मात्र बहुधा मिक्सर, इस्त्री किंवा दुकानाच्या व्हाउचरवर संपवले जातात, आणि तेथे त्यांना सर्वांत कमी मोल मिळते. हेच पॉइंट विमानकंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे तिच्या सभासद योजनेतील गुणांमध्ये, बदलून दुसऱ्याच एखाद्या भागीदार कंपनीच्या विमानात आसन घेता येते. पैशांऐवजी माइल्स देऊन काढलेल्या अशा तिकिटाला अवॉर्ड तिकीट म्हणतात. मात्र त्याला एक क्रम आहे आणि तो चुकला तर नुकसान होते. आधी आसन शोधावे, मग घराच्या उंबऱ्यापासूनचा सगळा खर्च मांडावा, आणि पॉइंटांना हात सर्वांत शेवटी लावावा.

भागीदारी म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. जगात विमानकंपन्यांचे तीन मोठे संघ आहेत : १९९७ साली स्थापन झालेला स्टार अलायन्स, १९९९ चा वनवर्ल्ड आणि २००० चा स्कायटीम. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्सची सदस्य आहे. लुफ्तान्सा, स्विस, सिंगापूर एअरलाइन्स, थाई, टर्किश, इथिओपियन, युनायटेड आणि एअर कॅनडा याही त्याच संघात आहेत. ब्रिटिश एअरवेज, कतार एअरवेज आणि कॅथे पॅसिफिक वनवर्ल्डमध्ये, तर एअर फ्रान्स आणि केएलएम स्कायटीममध्ये येतात. एका संघातील कोणत्याही कंपनीचे माइल्स त्याच संघातील दुसऱ्या कंपनीच्या विमानासाठी खर्च करता येतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेतील माइल्स देऊन बेंगळुरूहून फ्रँकफर्टला लुफ्तान्साने जाणे यामुळेच शक्य होते, आणि त्यासाठी सिंगापूरला पाय लावण्याचीही गरज नसते.

येथे आपल्या भागातील एक गैरसमज दूर केला पाहिजे. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडणारी स्टार एअर ही कंपनी आणि स्टार अलायन्स यांचा नावातील एका शब्दापलीकडे काहीही संबंध नाही. इंडिगोही या तीनपैकी कोणत्याही संघात नाही. तिचे काही परदेशी कंपन्यांशी कोडशेअर करार आहेत. परंतु कोडशेअर म्हणजे दुसऱ्याच्या विमानावर आपला क्रमांक लावून तिकीट विकणे, आणि अशा तिकिटावर भागीदार योजनेचे माइल्स चालतीलच असे नसते. अवॉर्ड तिकीट काढताना विमान प्रत्यक्ष कोण चालवते हे पाहावे. परिणामी बेळगावपासून थेट फ्रँकफर्ट किंवा टोरोंटोपर्यंतचे एकच अवॉर्ड तिकीट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. आपले अवॉर्ड तिकीट बेंगळुरू, मुंबई, दिल्ली किंवा गोव्यापासून सुरू होणार, आणि तिथपर्यंतचा प्रवास हा वेगळा व्यवहार राहणार, हे धरूनच सारा हिशेब करावा.

एकाच विमानातील एकाच आसनासाठी निरनिराळ्या योजना निरनिराळे माइल्स मागतात, आणि भागीदार तिकिटांमधील सगळा फायदा या फरकातच दडलेला आहे. काही योजनांकडे भागीदारांसाठी प्रदेशनिहाय ठरलेला तक्ता असतो. क्रिसफ्लायरचा तसा आहे. ब्रिटिश एअरवेजच्या माइल्सना एव्हिओस म्हणतात; तिच्या योजनेचा भर अंतरावर असून प्रत्येक टप्पा स्वतंत्र मोजला जातो, म्हणून त्या योजनेत थेट विमान स्वस्त पडते आणि दोन-तीन ठिकाणी बदलून जाणारा मार्ग महाग पडतो. काही योजनांचे दर रोखीच्या भाड्याबरोबर वरखाली होतात. सुट्टीच्या हंगामात त्यांच्या वाट्याला न जाणेच बरे. कतार एअरवेजही एव्हिओस हेच चलन वापरते आणि दोन्ही खाती जोडली की एव्हिओस एकीकडून दुसरीकडे जसेच्या तसे नेता येतात. म्हणून दोहामार्गे जाणाऱ्याने दोन्ही ठिकाणचे दर पाहूनच निर्णय घ्यावा.

माइल्सइतकेच लक्ष वर भरायच्या रकमेकडे द्यावे. अवॉर्ड तिकीट फुकट नसते. विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर तर लागतातच, पण अनेक कंपन्या इंधन अधिभार किंवा विमानकंपनीचा अधिभार या नावाने मोठी रक्कम लावतात, आणि ती सरकारकडे न जाता कंपनीकडेच जाते. लुफ्तान्साच्या विमानातील आसन तिच्याच माइल्स अँड मोअर योजनेतून किंवा क्रिसफ्लायरमधून घेतल्यास हा अधिभार भरावा लागतो. युनायटेडची माइलेजप्लस आणि एअर कॅनडाची एरोप्लॅन या योजना भागीदारांच्या तिकिटावर तो लावत नाहीत. एरोप्लॅन त्याऐवजी ३९ कॅनेडियन डॉलरचे ठरावीक शुल्क घेते. त्यामुळे थोडे जास्त माइल्स मागणारी योजना शेवटी स्वस्त ठरू शकते. लंडनहून परतणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की ब्रिटनमधून निघताना तेथील सरकारचा प्रवासी कर अवॉर्ड तिकिटावरही लागतो आणि वरच्या वर्गासाठी तो अधिक असतो.

आता आसन शोधण्याकडे येऊ, कारण खरी मेहनत येथे आहे. कोणतीही कंपनी आपली सर्व आसने भागीदारांना देत नाही. सेव्हर नावाने ओळखली जाणारी मोजकीच आसने भागीदारांच्या वाट्याला येतात. स्वतःच्या सभासदांना दाखवलेले आसन भागीदाराच्या योजनेत दिसेलच असे नाही. ही आसने साधारणपणे दोन वेळी खुली होतात : विक्रीचे वेळापत्रक उघडते तेव्हा, म्हणजे सुमारे अकरा महिने ते वर्षभर आधी, आणि मग उड्डाणापूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, न विकलेली आसने उरली असल्यास. बाळंतपणाची तारीख सहा-सात महिने आधी कळते. मे महिन्याची सुट्टी, गणपती, दिवाळी आणि डिसेंबर तर वर्षभर आधीच ठाऊक असतात. आपल्याकडे तिकिटाचा विषय बहुधा व्हिसा हातात आल्यावर निघतो आणि तोवर ही मोजकी आसने गेलेली असतात. रद्द केल्यास माइल्स परत मिळतात का आणि त्यासाठी किती शुल्क कापले जाते, हे त्या योजनेच्या नियमांत आधी वाचावे. शुल्क किरकोळ असेल तर व्हिसापूर्वीच आसन घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते.

शोधताना बेळगाव हा शब्द विसरून बेंगळुरू ते फ्रँकफर्ट, मुंबई ते झुरिच, मुंबई ते इस्तंबूल असे लांब पल्ल्याचे टप्पे सुटे सुटे तपासावेत. लांबचा टप्पा मिळाला की पुढचा छोटा टप्पा शोधून दोन्ही जोडून पाहावेत. युनायटेडच्या संकेतस्थळावर स्टार अलायन्समधील अनेक भागीदारांची आसने दिसतात. आपले माइल्स तेथे नसले तरी शोधाला अडचण येत नाही. एका ठिकाणी दिसलेले आसन दुसऱ्या योजनेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहणे फार आवश्यक आहे, कारण कधी कधी यादीत दिसणारे आसन प्रत्यक्षात उरलेलेच नसते आणि ते पैसे भरण्याच्या पानावर गेल्यावरच उघड होते. चार जणांच्या कुटुंबाला एकाच विमानात चार सेव्हर आसने मिळणे कठीण. दोघादोघांनी एका दिवसाच्या अंतराने निघण्याची तयारी असेल तर काम पुष्कळ सोपे होते.

आसन ज्या योजनेत दिसले त्याच योजनेत, पडताळणीनंतरच, बँकेचे पॉइंट पाठवावेत. हा व्यवहार एकेरी असतो. पॉइंट एकदा माइल्स झाले की बँकेकडे परत येत नाहीत. माझ्या आईवडिलांना माझ्या बहिणीकडे पाठवायचे होते तेव्हा मी सकाळी दोन आसने पाहिली, घाईने सगळे पॉइंट एका योजनेत पाठवले आणि ते जमा व्हायला तीन दिवस लागले. तोवर एक आसन गेले होते. दोघांनाही वयामुळे एकत्रच जाणे भाग होते, म्हणून शेवटी रोखीने तिकिटे काढावी लागली आणि ते माइल्स पुढे मनाजोगत्या कामी आलेच नाहीत. तेव्हापासून मी कोणालाही हेच सांगतो की माइल्स जमा व्हायला किती वेळ लागतो हे आधी विचारावे, योजनेच्या दूरध्वनी सेवेला आसन काही काळ राखून ठेवता येईल का तेही विचारावे, आणि शक्य असल्यास दुसऱ्या तारखेचे पर्यायी आसनही हेरून ठेवावे. कोणत्या कार्डाचे पॉइंट कोणत्या योजनेत आणि कोणत्या प्रमाणात जातात ही यादी बँका बदलत असतात, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर न जाता त्याच दिवशी बँकेच्या पानावर पाहावे.

पॉइंट पाठवण्यापूर्वी हिशेबाचा कागद पुढे घ्यावा. रोखीच्या तिकिटाच्या किमतीतून अवॉर्ड तिकिटावर भरायची रक्कम वजा करावी आणि उरलेल्याला लागणाऱ्या माइल्सनी भागावे. समजा, एका बाजूचे रोखीचे तिकीट ५२,००० रुपयांचे आहे आणि अवॉर्डला ३०,००० माइल्स व १४,००० रुपये लागतात; तर ३८,००० भागिले ३०,००० म्हणजे दर माइलला सुमारे १.२७ रुपये मिळाले. हेच पॉइंट बँक रोखीत किंवा व्हाउचरमध्ये किती मोलाने देते ते पाहावे. त्याहून हा आकडा स्पष्टपणे मोठा असेल तरच पुढे जावे. बिझनेस क्लासच्या बाबतीत हा हिशेब फसवा होतो. समजा, तिकीट २,१०,००० रुपयांचे असून अवॉर्डला ७०,००० माइल्स व १८,००० रुपये लागतात. कागदावर माइलला २.७४ रुपये दिसतात. पण त्या आरामासाठी आपण खिशातून जास्तीत जास्त ९०,००० रुपयेच दिले असते, तर आपल्या दृष्टीने मोल ७२,००० भागिले ७०,०००, म्हणजे जेमतेम १.०३ रुपये आहे. गुडघेदुखी असलेल्या आईला आठ-नऊ तास आडवे होऊन जाता यावे यासाठी तेही योग्य ठरू शकते, आणि माझ्या मते माइल्सचा याहून चांगला उपयोग क्वचितच असतो. परंतु निर्णय खऱ्या आकड्यावर व्हावा.

यात बेळगावचा खर्च मिळवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. मुंबईहून मिळणाऱ्या अवॉर्डमध्ये सहा हजार रुपये वाचत असतील आणि रात्रीची बस, मुंबईतील एक मुक्काम व टॅक्सी यांवर सात हजार जात असतील, तर बचत झालीच नाही. बेंगळुरूला जाण्यासाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करता येतो आणि ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव–बेंगळुरू वंदे भारतही सुरू आहे. रेल्वेचा एक मोठा फायदा सामानाचा आहे. परदेशी प्रवासात पुष्कळदा २३ किलोच्या एक किंवा दोन बॅगा चालतात, पण वेगळ्या तिकिटावर देशांतर्गत इंडिगोने गेल्यास १५ किलोच नेता येतात, आणि कुंदा, चटण्या व बाळंतिणीसाठीचे डिंकाचे लाडू यांच्यासाठी जादा वजनाचे पैसे मोजावे लागतात. गोव्यातील मोपा विमानतळही आपल्याला जवळचा आहे; मात्र पावसाळ्यात चोर्ला घाटाचा रस्ता बेभरवशाचा असल्याने हाताशी भरपूर वेळ ठेवूनच निघावे.

तिकिटे वेगवेगळी असली की पहिले विमान उशिरा पोहोचल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. लांबचे विमान चुकले तर अवॉर्ड तिकीट वाया जाऊ शकते आणि माइल्स परत मिळतीलच याची शाश्वती नसते. सांबऱ्याहून दिवसाला उड्डाणे मोजकीच असल्याने एक रद्द झाले की दुसरा पर्याय त्याच दिवशी मिळेलच असे नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या आदल्या दिवशीच मोठ्या शहरात पोहोचावे आणि त्या मुक्कामाचा खर्च वरच्या हिशेबात धरावा.

माइल्सची मुदतही पाहून ठेवावी. क्रिसफ्लायरचे माइल्स मिळाल्यापासून तीन वर्षांनी संपतात, एरोप्लॅनचे अठरा महिने खात्यात काहीच हालचाल न झाल्यास जातात, आणि युनायटेडच्या माइल्सना मुदत नाही. नेमका प्रवास ठरलेला नसेल तर पॉइंट बँकेतच राहू द्यावेत. तेथून ते अनेक योजनांत जाऊ शकतात. आईवडिलांसाठी तिकीट काढायचे असेल तर योजनेत त्यांना नामनिर्देशित करावे लागते का तेही आधी पाहावे; क्रिसफ्लायरमध्ये अशा पाच व्यक्तींची नावे नोंदवता येतात. माइल्स विकणाऱ्या दलालांकडे मात्र मुळीच जाऊ नये. योजनांच्या नियमांत तशी विक्री निषिद्ध असते आणि ती उघड झाल्यास तिकीट व खाते दोन्ही रद्द होऊ शकतात.

तिकीट हाती आल्यावर त्यावर दोन नोंदणी क्रमांक असू शकतात : एक माइल्स घेणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचा. दुसरा क्रमांक मागून घ्यावा, त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तिकीट उघडते का ते पाहावे, नावे पासपोर्टप्रमाणेच आहेत याची खात्री करावी, आणि आसन, शाकाहारी जेवण व गरज असल्यास व्हीलचेअर यांची मागणी तेथेच नोंदवावी. नंतर महिन्यातून एकदा वेळापत्रक तपासत राहावे. उड्डाणाची वेळ कंपनीने मोठ्या प्रमाणात बदलली, तर ज्या योजनेतून माइल्स दिले तिच्याशी संपर्क साधून तारीख किंवा मार्ग विनाशुल्क बदलून मागावा. असा बदल विमान चालवणारी कंपनी सहसा करून देत नाही. तिकीट देणाऱ्या योजनेलाच तो करावा लागतो.